पुशरॉडचे आटे: कापू नका, दाबलेले घ्या

पुशरॉड म्हणजे मॉडेल विमानात छोट्या मोटरची हालचाल पंख-शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत नेणारी काडी. तिच्यावरचे आटे सहसा डायने, म्हणजे आटे कापायच्या हत्याराने, कापलेले नसतात. दोन साच्यांत काडी दाबून फिरवतात, धातू उचलून वर येतो. सोलापुरात कुठल्याही सायकलवाल्याकडून जुना स्पोक घ्या आणि टोकावर नख फिरवा. २ मिमीच्या तारेपेक्षा आटे जाड लागतील. तेच हे तंत्र.

म्हणूनच १.८ मिमीच्या काडीवर घरी एम२ (२ मिमी आट्यांची) डाय चालवू नका. आटे उथळ पडतात, क्लेव्हिस (आट्यांवर बसणारा, चिमट्यासारखा जोड) हाताला घट्ट वाटतो आणि झटक्यात सटकतो. एलिव्हेटरचा (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीचा) सटकला तर विमान वाचत नाही! कापायचेच असतील तर पूर्ण २ मिमीची मऊ स्टीलची काडी घ्या, टोक कानशीने निमुळतं करा, तेल सोडा, अर्धा फेरा पुढे, थोडं मागे. पियानो वायरवर (कडक स्प्रिंग स्टीलच्या तारेवर) मात्र डायचे दातच जातात.