उजनीवर वेकबोर्डिंग: बोट ठरवण्याआधी या चुका टाळा

वेकबोर्डिंग म्हणजे पाय बोर्डाला अडकवून, पळत्या बोटीच्या दोरीचं हँडल धरून पाण्यावर घसरत जाणं. सोलापूरकराला त्यासाठी पाण्याची ओढ लागते ती एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार गेल्यावर. पहिली चूक इथेच होते, कारण तेव्हाच उजनी तळाला गेलेली असते. धरणाच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे, म्हणजे वापरासाठी धरलेल्या पाण्याच्या खालचं पाणी; टक्केवारी या वरच्या, वापरायच्या पाण्यावर काढतात आणि ते संपलं की आकडा वजा होतो. त्यामुळे ‘उजनी वजा 30 टक्के’ अशी बातमी आली तरी काठावरून पाणी अथांगच दिसतं. त्याखाली बुडालेल्या गावांचे बांध, विहिरी, भिंती आहेत. इंदापूरच्या बाजूचं पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात वर येतं, त्यावरून काय ते समजा. ऑक्टोबरात बिनधास्त बोट पळाली, त्याच जागी मेमध्ये इंजिनाचा पंखा दगडावर आदळू शकतो. आणि बोर्डवरचा माणूस पडताना तळ बघून पडत नाही.

जागा विचारताना

“इथं पाणी खोल हाय का?” असं विचारलंत तर “लई हाय” हेच उत्तर मिळणार. मच्छीमाराला विचारा, “उन्हाळ्यात इथं काय उघडं पडतं? जाळी कुठं लावलीय?” मग दोरीला दगड बांधून दोन-चार ठिकाणी खोली मोजा, दोन पुरुष (दोन माणसांच्या उंचीइतकं) पाणी नसेल तर जागा बदला. भिगवण-कुंभारगावच्या उथळ, रोहित पक्ष्यांच्या पट्ट्यात बोट घालू नका.

शहरातल्या कंबर तलावाचा विचार सोडा, तिथे जलपर्णी फार. धरणाखालची भीमाही नको: विसर्ग वाढला की प्रवाह बदलतो, शिवाय बंधारे आहेत.

वारा हलक्यात घेणं

21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरलं की बॅकवॉटरवर लाटा उठायला वेळ लागत नाही. सकाळी लवकर उतरा. पाणी तेव्हाच सपाट असतं आणि बोर्डही नीट चालतो.

बोट: भाडं आधी, ताकद नंतर

हा क्रम उलटा करा. माणसाला पाण्यातून उचलून ताशी 30 किलोमीटरच्या आसपास ओढायचं असतं. मासेमारीच्या लहान मोटारीला ते झेपत नाही. बोटीत चालकासह तिघं बसवून तेवढा वेग धरता येतो का, ते आधी पाहा. नोंदणी, विमा आणि पेट्रोल भाड्यात धरलंय का, हेही तेव्हाच विचारा. दोरी इंजिनाला बांधणारा चालक नको. ती बोटीच्या पक्क्या कडीला किंवा खांबालाच हवी. चालकाखेरीज मागे नजर ठेवणारा एक माणूस लागतोच. त्याच्या जागी आणखी एक मित्र बसवून भाडं वाटून घेणं मला तरी वेडेपणा वाटतो. जॅकेट अंगाला घट्ट बसणारं आणि तरंगवणारं हवं. नुसता मार झेलणारा पातळ व्हेस्ट तरंगवेलच असं नाही.

उठताच येत नसेल तर

बहुतेक जण घाईने उभे राहतात किंवा हँडल छातीशी ओढतात. हात सरळ, गुडघे पोटाशी, आणि बोटीला ओढू द्या. तरीही बोर्डाचं नाक सारखं पाण्यात घुसत असेल तर चालकाला सांगा, वेग झटक्याने नको, सावकाश वाढव. पडल्यावर एक हात वर करून ठीक असल्याची खूण द्या. बोट परत जवळ आली की इंजिन बंद झाल्याशिवाय शिडीकडे जाऊ नका.