पुण्यात मैफल ठेवायची? आधी मागच्या रांगेत बसा

कलाकाराची तारीख घेणं, तबला-पेटीची साथ ठरवणं, हॉलची अनामत भरणं हे तुम्हाला जमेल. पुण्यात छोट्या मैफली ठेवता ठेवता माझे केस पिकले, पण मला छळलं ते एकाच प्रश्नानं: येणार कोण, आणि कुठे?

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "पुणं दर्दी आहे हो, सवाईची गर्दी बघा!" तो कानाआड करा. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला. आता तो कित्येक घरांत सणासारखा आहे. डिसेंबरात रजा टाकून, शाल आणि डबा घेऊन येणारा माणूस फेब्रुवारीतल्या मंगळवारी अनोळखी गायिकेसाठी घराबाहेर पडेलच असं नाही. मी नेमका तिथेच फसलो. सवाईचा मांडव पाहून डोकं फिरलं आणि सहाशे खुर्च्यांचं नाट्यगृह घेतलं. माणसं आली साठ, तीही विखुरलेली. गायिका डोळे मिटून गात होती, पण ती तल्लीनता नव्हती. समोरच्या रिकाम्या खुर्च्या तिला बघवत नव्हत्या.

त्यानंतर मी जे केलं तेच तुम्ही करा. निदान तीन महिने दुसऱ्यांच्या मैफलींना जा आणि मागच्या रांगेत बसा. गाणं ऐकाच, पण पाठी मोजा. सुरुवातीला नव्हे, मध्यंतरानंतर. सुरुवातीची गर्दी नात्यागोत्याची, सत्काराची, दीपप्रज्वलनाला बोलावलेल्यांची असते. चहा पिऊन जो परत खुर्चीवर येतो तो तुमचा श्रोता. मांडीवर ताल धरून समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान हलवणारे, गुरूंसोबत आलेले शिष्य, पाच वाजताच येऊन शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकणारी निवृत्त जोडपी, हे सगळे टिकतात. काही जण शेवटच्या अभंगासाठीच येतात. त्यांना हसू नका. फक्त मोजताना वेगळे धरा. दिवाळी पहाटेला नटूनथटून आलेली गर्दी तर अजिबात धरू नका. ती सणाची असते, तुमच्या मंगळवारची नव्हे.

मग चहाच्या रांगेत शिरा. "गाणं आवडलं का?" हा प्रश्न फुकट जातो, कारण सगळे हो म्हणतात. "कुठून आलात, कसे आलात?" असं विचारा. हॉल ठरतो तो या उत्तरावर. पेठेतले आजोबा चालत येतात, त्यांना शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा टिळक रस्त्यावरची सभागृहं सोयीची. बाणेर-औंधचा माणूस आधी विचारतो, "गाडी कुठे लावायची?" त्याला पेठेत बोलावून रुसू नका. दोघांनाही एकाच हॉलमध्ये खूश करायला गेलात तर दोघेही घरी बसतील. एक गट निवडा. हे मला तीन पडलेल्या मैफलींनंतर कळलं.

हॉल बघायला जाल तेव्हा मध्यभागी उभे राहून टाळी वाजवा. आवाज भिंतींवरून घुमत परत आला तर तिथे तानपुऱ्याचा चिखल होणार. साउंडवाल्याला 'एको नको' हे आधी सांगा, मैफलीच्या दिवशी पुन्हा सांगा, आणि तरीही बटणाजवळ आपला माणूस उभा करा.

वेळेचं गणितही श्रोत्यावरच बसवा. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, हा नियम आहे. सवाई एके काळी रात्रभर चालायचा, ते दिवस गेले. साडेसहाची वेळ छापून सव्वासातला सुरू केलंत आणि त्यात दोन भाषणं घातलीत, तर दरबारी रागाचा आलाप रंगात येईतो घड्याळाकडे बघायची वेळ येते. म्हणून मी रविवारची सकाळ धरतो. तोडी, भैरव, देसकार हे सकाळचे राग सायंकाळच्या सभेत ऐकायला मिळत नाहीत, त्यांची भूक असलेला श्रोता सकाळी आवर्जून येतो. रात्री रिक्षा मिळेल का, ही ज्येष्ठांची धास्तीही उरत नाही.

'विनामूल्य प्रवेश, काही जागा राखीव' असं छापू नका. फुकटाची मैफल लोक फुकटात चुकवतात. शंभर रुपयांची प्रवेशिका ठेवा, विद्यार्थ्यांना मोकळीक द्या. 'नक्की येतो' असं कळवणाऱ्यांचे निम्मेच धरा. पाऊस असेल तर त्याचेही निम्मे.

खुर्च्या अंदाजापेक्षा वीस कमी मांडा, उरलेल्या भिंतीशी रचून ठेवा. उशिरा आलेल्यासाठी खुर्ची उघडताना आवाज होतो, तो चालेल. पुढे सतरंज्या टाका आणि शिकणाऱ्या मुलांना तिथे बसवा. हाताच्या अंतरावरून दाद आली की गाणारा खुलतो. फक्त सत्कारमूर्तींना त्या सतरंजीवर बसवू नका, त्यांना मध्यंतरात उठवायला दोन माणसं लागतात.