‘ॲडव्हांटेज’ची फोड करताय? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासांमध्ये हल्ली इंग्रजी शब्द फोडून शिकवायची टूम निघाली आहे. ॲडव्हांटेज म्हणजे ‘ॲड’ अधिक ‘व्हांटेज’, म्हणजे फायद्यात भर! पोरं ते वहीत उतरवून वर चौकटही काढतात.

साफ चूक. या शब्दात ‘डी’ मुळात नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘अवाँ’ म्हणजे पुढे, त्यावरून झाला ‘अवांताज’. 14व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला तोही ‘डी’विनाच. नंतर पंडितांना वाटलं, लॅटिनचा ‘ॲड’ उपसर्ग असणार, म्हणून ‘डी’ घुसडला. ॲडव्हान्सचंही तेच. आणि ‘व्हांटेज’? तो याच शब्दाचा डोकं उडालेला तुकडा. मूळ अर्थ दुसऱ्याच्या पुढे असणं. टेनिसमध्ये ड्यूसनंतर, म्हणजे 40-40 अशी बरोबरी झाल्यावर, पहिला पॉइंट घेणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, तो याच अर्थाने.

मी आजच्या स्पेलिंगवर भरवसा ठेवत नाही, डिक्शनरीतली व्युत्पत्ती आधी वाचतो. नाशिककरांना खरं तर हे सांगायला नको. नऊ शिखरांवरून नाशिक की शूर्पणखेच्या नाकावरून, दोन्ही गोष्टी आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. पांडवलेण्यांतल्या सातवाहनकालीन लेखात ‘नासिक’ कोरलंय, ‘शि’ नाही, ‘सि’. नऊ शिखरंवाल्यांनी ते आधी बघून यावं.

दुसरी चूक महागात पडते. आमच्या एका विद्यार्थ्याने सातपूरच्या एका कारखान्यात अर्ज केला. त्यात वाक्य होतं, ‘आय टुक फुल ॲडव्हांटेज ऑफ माय सीनियर्स.’ त्याला म्हणायचं होतं, सीनियर्सकडून भरपूर शिकलो. वाचणाऱ्याने घेतलं, सीनियर्सना पुरेपूर वापरून घेतलं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच.

“पण सर, ग्रामर तर बरोबर आहे ना?”

ग्रामर बरोबरच होतं, म्हणून तर कुठल्याच ॲपने लाल रेघ मारली नाही. संधीचा, सवलतीचा ॲडव्हांटेज घ्या. माणसाचा घेतला की तो बहुतेक वेळा गैरफायदा होतो. तिथे सरळ ‘लर्न्ड अ लॉट फ्रॉम’ लिहा.

बाकी किरकोळ. कुणापेक्षा वरचढ म्हणायचं तर पुढे ‘ओव्हर’ येतं, ‘दॅन’ नाही. उच्चारात जोर ‘व्हां’वर. आणि भारदस्त वाटतो म्हणून प्रत्येक फायद्याला ‘लिव्हरेज’ म्हणू नका. तो लिव्हरवरून, म्हणजे तरफेवरून आलाय. थोड्या जोरात मोठं वजन हलत असेल तिथेच तो शोभतो. तीस सेकंदांच्या रीलवर इंग्रजी शिकणाऱ्यांना एवढं थांबायला वेळ नसतो, ते सोडा.