जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरच्या डिस्ट्रिब्यूटरची दुरुस्ती: माझा अनुभव

भार पडताच इंजिन अडखळू लागले, तेव्हा कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी मी डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगकडे योग्य क्षणी वीज पोचवणारा भाग, उघडला. तो बाहेर काढण्यापूर्वी रोटरची (आत फिरून वीज वाटणाऱ्या तुकड्याची) दिशा आणि बॉडीची जागा खुणेने नोंदवणे अत्यावश्यक आहे. टोपणाच्या आत दोन टोकांदरम्यान बारीक काळी रेघ उमटलेली होती. ठिणगी प्लगकडे न जाता या कार्बनच्या वाटेने निसटते, त्यामुळे असे टोपण पुसून वापरण्यात अर्थ नाही, ते बदलावेच.

खरा दोष मात्र शाफ्टच्या बुशमध्ये, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळीमध्ये, होता. शाफ्ट बोटांनी आडवा हलवताच पॉइंटमधील, म्हणजे उघडझाप करून ठिणगी घडवणाऱ्या संपर्कांमधील, फट कमी-जास्त होत होती, आणि बुश झिजलेले असताना नवे पॉइंट कितीही काळजीपूर्वक बसवले तरी प्रत्येक सिलिंडरची ठिणगी थोड्या वेगळ्या क्षणी पडते. म्हणून नवे बुश दाबून बसवले, रीमरने (भोक अचूक मापाचे करणाऱ्या हत्याराने) मापात आणले आणि ॲडव्हान्सची वजने (वेग वाढताच ठिणगी लवकर पाडणारी) मोकळी फिरतात याची खात्री केली. पॉइंट उघडताना त्यांच्यावर उडणारी ठिणगी रोखणारा कंडेन्सरही बदलला. पॉइंटची फट शाफ्टवरील कॅमच्या उंचवट्यावर (जिथे पॉइंट सर्वाधिक उघडतात) फीलर गेजने (पातळ मापपट्टीने) पुस्तिकेप्रमाणे ठेवली. अशा अनेक इंजिनांत ती ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ थरच द्यावा, कारण जास्तीचे ग्रीस उडून पॉइंटवर बसते. जोडणीनंतर टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली) इंजिनवरील टायमिंगची खूण स्थिर दिसली.