वाचनालयात आरोग्य तपासणी ठेवताना आधी काय काय बघायचं

सुरुवात पत्रापासून करा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना वाचनालयाच्या लेटरहेडवर निदान तीन आठवडे आधी पत्र द्या, पोच घ्या. तारीख त्यांच्या सोयीची, पण वेळ आपण सुचवायची, आणि ती संध्याकाळची. आशाताई घरोघरी फिरतात तेव्हा कामावर गेलेली पुरुषमंडळी सापडत नाहीत. तीच संध्याकाळी पेपर चाळायला आपल्याकडे येतात. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं काही त्रास न देता वाढलेली राहू शकते, आणि काही होत नसताना दवाखान्याची पायरी कोण चढतं? वाचनालयाची मात्र रोज चढतात. तिशीपुढच्या सगळ्यांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते, तेव्हा यंत्रं नि पट्ट्या विकत घेण्यात अनुदान घालवू नका. सगळ्यात खालच्या, ‘ड’ वर्गाच्या वाचनालयालाही हे झेपतं.

मग खोली. रक्तदाबासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी, पाय जमिनीला टेकायला हवेत आणि हात छातीच्या उंचीवर राहील असं टेबल हवं. बाकडं किंवा स्टूल चालणार नाही. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं, त्यासाठी वाचनालयाइतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. अर्धा तास आधीपासून चहा, बिडी, तंबाखू नको, लघवीला जाऊन या, मोजताना बोलू नका, हे दारातल्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. संडासाला पाणी आहे का, ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

साखरेचं टेबल कपाटाच्या आडोशाला लावा. गाव लहान असतं. कुणाची साखर किती, हे शेजारच्या वाचकाला कळता कामा नये. आकडे मोठ्याने पुकारायचे नाहीत, नोंदवही सिस्टरांकडेच राहील, तिची प्रत आपण ठेवायची नाही, आणि ग्रुपवर टाकायला फोटो काढायचेच असतील तर आधी ज्याला त्याला विचारायचं.

१४०/९० किंवा त्यापुढे आकडा आला म्हणजे लगेच आजार ठरत नाही, पुन्हा मोजून घ्यावं लागतं. त्यासाठी छोट्या चिठ्ठ्या छापून ठेवा: कुठे जायचं, कोणत्या वारी, किती वाजता. ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच सांगितलं तर कुणी जात नाही. छातीत दुखतंय, धाप लागलीय असं कुणी म्हटलं तर चिठ्ठी बाजूला ठेवून १०८ ला फोन. औषध घ्या किंवा बंद करा, हे वाचनालयातल्या कुणीही सांगायचं नाही.

आता आपलं खरं काम, आरोग्याचं कपाट. ते पूर्ण रिकामं करून एकेक पुस्तक उघडा. साप चावला की जखम चिरा, रक्त चोखून काढा, वर घट्ट दोरी बांधा, असं सांगणारी जुनी पुस्तकं अजून कपाटात सापडतात. आजचा सल्ला याच्या अगदी उलट आहे: चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही, चावलेला भाग हलू न देता तडक रुग्णालय गाठायचं. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि कोकणात विंचूदंशाने जाणारे जीव वाचू लागले. त्याआधीच्या पुस्तकांत हे कुठून असणार? मधुमेह मुळापासून घालवण्याची हमी देणारी पुस्तकंही बाजूला काढा. अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, मग आपण त्यांना दर्शनी जागा का द्यावी? निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढून टाकणं, रीतसर होईपर्यंत ती कुलपात राहू द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण शिबिर एक दिवसाचं असतं आणि चुकीचं पान वर्षानुवर्षं वाचलं जातं.

अभ्यासिकेला विसरू नका. स्पर्धा परीक्षांचा ताण सोसणारी मुलं-मुली तिथे बारा-बारा तास बसतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, मोफत आणि चोवीस तास, सूचनाफलकावर लावाच, पण संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा; तिथे कुणी बघत नसताना तो टिपून घेता येतो.

आवरताना टोचलेल्या सुया पांढऱ्या जाड डब्यात सिस्टरांबरोबर परत गेल्या का, ते मोजून बघा. एकही आपल्या केरात पडता कामा नये. तो केर झाडणाऱ्या मावशी हाताने उचलतात. आणि आशाताई निघण्याआधी पुढच्या महिन्याची एक संध्याकाळ त्यांच्याकडून ठरवून घ्या, म्हणजे चिठ्ठी मिळूनही जे गेले नाहीत ते इथेच त्यांना पुन्हा भेटतील.