स्किन टाइटनिंगनंतरचे पहिले २ दिवस
रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओ लहरींची उष्णता) किंवा हायफू (एकवटलेल्या अल्ट्रासाउंड लहरींची उष्णता) देऊन त्वचा घट्ट करून आलात की बहुतेकांना त्याच दिवशी कामावर जाता येतं. पण चेहऱ्याला आणखी उष्णता नको. २ दिवस वाफ, कढत पाणी, जिम बंद; गॅससमोर उभं राहून पोळ्या भाजणंही घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. लाली सहसा काही तासांत उतरते. हायफूनंतर जबड्याच्या हाडावर बोट टेकवलं की दुखतं, ते मात्र काही दिवस राहू शकतं. उटणं, स्क्रब, रेटिनॉलचं (व्हिटॅमिन ए चा प्रकार) क्रीम आठवडाभर कपाटातच राहू द्या. बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच, आभाळ भरलेलं असलं तरी. फोड आला किंवा हसताना ओठ एका बाजूला ओढला गेला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आणि रोज आरशात फरक शोधू नका. नवं कोलॅजेन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला २-३ महिने लागतात.