फ्रेंच येत नसताना ज्युलिएत ग्रेको कशी ऐकावी

फ्रेंच शांसाँमध्ये, म्हणजे तिथल्या शब्दप्रधान गाण्यात, शब्द पुढे चालतो आणि चाल, वाद्यं, आवाज त्याच्या मागून येतात. म्हणून फ्रेंच गायिका ज्युलिएत ग्रेकोचं (१९२७–२०२०) गाणं स्वयंपाक करता करता लावलं तर हाती काही लागत नाही. चाल साधी वाटते, आवाज खालच्या पट्टीतला, आणि दोन गाण्यांत कंटाळा येतो. एका बैठकीला दोनच गाणी घ्या. आधी नुसतं ऐका. मग शब्द समोर ठेवून प्रत्येक ओळीवर बोट फिरवत ऐका. अर्थ वाचून तिसऱ्यांदा ऐका. ओळीवर फिरणारं बोट हमखास चुकतं, कारण बोलताना फ्रेंच शब्दाच्या शेवटचा जो पुसट ‘अ’ गळतो, तो गाण्यात पुष्कळदा म्हटला जातो आणि एक अख्खं अक्षर वाढतं.

सुरुवात ‘ला जावानेझ’ने करा. गीतकार-गायक सर्ज गेन्सबूरने तिच्यासाठी लिहिलेलं हे गाणं १९६३ मध्ये आलं. ठेका वॉल्ट्झचा, एक-दोन-तीन. नाव जावा बेटाची आठवण देतं, पण ‘जावाने’ ही शब्दांत ‘आव’ घुसवून बोलायची गुप्त बोली आहे, आपल्या ‘च’च्या भाषेच्या जातीची. ‘बाँझूर’चं ‘बावाँझावूर’ होतं. गाणं त्या बोलीत नाही, मात्र ओळी ‘व’ने भरलेल्या आहेत. पहिल्या ऐकण्यात अर्थ सोडून द्या आणि फक्त ‘व’ मोजा. ग्रेको तो ओठांवर किती हलका ठेवते, हे कळलं की अर्धं गाणं कळलं.

मग मागे, १९४९ कडे जा. दुसऱ्या महायुद्धात तिची आई आणि बहीण नाझींच्या राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत गेल्या होत्या आणि ती स्वतः सोळाव्या वर्षी फ्रेनच्या तुरुंगात होती. पुढे पॅरिसच्या सें-जेर्में-दे-प्रे भागात लेखकांच्या संगतीत ती गायला लागली. तिचं सुरुवातीचं ‘सी तू तिमाजीन’ ही रेमाँ केनोची कविता, संगीत जोसेफ कोस्माचं. या कवितेचे शब्द वाचताना ‘क्सा’ असा शब्दकोशात नसलेला प्रकार दिसेल. ती छपाईची चूक नव्हे. ‘क सा’ हे दोन शब्द बोलताना जसे चिकटतात तसेच केनोने लिहिलेत. शब्दकोश बाजूला ठेवून मोठ्याने वाचा, लगेच उलगडतं.

‘देझाबिये-म्वा’ (१९६७) शक्यतो व्हिडिओवर पाहा. काळा पोशाख, आणि त्यावर उठून दिसणारे हात. अर्थ ‘माझे कपडे उतरवा’ असा, पण सगळी गंमत त्या ‘उतरवा’त आहे. ती समोरच्याला ‘तुम्ही’च म्हणते. भाषांतरात ‘तू’ आलं की गाणं उथळ होतं, म्हणून असं भाषांतर वापरू नका.

अभिनयासाठी ‘बाँझूर त्रिस्तेस’ (१९५८) हा चित्रपट बघायला हरकत नाही. तिथे ती क्लबमध्ये शीर्षकगीत गाते, तेही इंग्रजीत, आणि काम तेवढंच. खरी ओळख १९६५ च्या ‘बेल्फेगोर’ या चार भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत होते. शोधताना साल तपासा. त्याच नावाचा २००१ चा चित्रपट आधी समोर येतो आणि त्यात ती ओझरतीच दिसते.

शेवटी ‘झारीव्ह’ ठेवा. गाणं गीतकार-गायक जाक ब्रेलचं. चाल बांधण्यात पियानोवादक जेरार झुआनेही होता, ज्याने पुढे कित्येक दशकं ग्रेकोला साथ केली आणि १९८८ मध्ये तिच्याशी लग्न केलं. गाण्यात शेवंती पुन्हापुन्हा येते. आपल्या डोळ्यांपुढे वेणी आणि पूजेचं ताट उभं राहतं, आणि गाणं उलटं कळतं. फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या आरंभी शेवंतीच्या कुंड्या कबरींवर ठेवतात. गाण्यातलं ‘एका शेवंतीपासून दुसऱ्या शेवंतीपर्यंत’ म्हणजे एका मित्राच्या अंत्ययात्रेपासून दुसऱ्याच्या.